जमिनीवर न दुखणारी दाढ

ब्रह्मपुरीच्या आठवडी बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा किड्यांभोवती गर्दी जास्त होती. परातीत पाणी, पाण्यात वीट, विटेवर लालभडक तापलेलं लोखंड, त्यावर चिमूटभर ‘औषध’ आणि वरून बुडाला भोक पाडलेलं गाडगं पालथं. रोग्यानं भोकाला तोंड लावून धूर ओढायचा, तोंडाला सुटलेलं पाणी गळू द्यायचं. गाडगं उचललं की परातीत पांढरे, बारीक, वाकडे किडे तरंगत.

“दाढेतले किडे. आधी पाहा, मग माना,” पांढरा कोट घातलेला दातबाबा सांगत होता. “इथं देव नाही, अंगारा नाही. सगळं सायन्स आहे.”

या शेवटच्या वाक्यावर कांताबाई भुलली. तिच्या भिंतीवर धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा लावलेल्या. भगताच्या दारात ती मेली तरी गेली नसती. पण सायन्स म्हटल्यावर तिचं काही चालेना. तिनं लेकीचा हात धरून तिला पुढं ओढलं.

लेकीची, संघप्रियाची, जीभ आठवडाभर वरच्या डाव्या दाढेवरून हटत नव्हती. अंदमानच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियनच्या मुलाखतीला ती जन्मात पहिल्यांदा विमानानं गेली होती. जाताना बारीक कळ आली होती; परतताना विमान वर चढलं आणि दाढेत असा ठणका उठला की तिनं शेजारणीचाच हात आवळला. नागपूरला चाकं टेकली आणि ठणका गायब. आता नोकरी मिळाली होती. नऊ दिवसांनी पुन्हा विमान होतं. जहाजाच्या तारखा जुळत नव्हत्या, आणि वेळेत रुजू झाली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार होती. तिला रात्री झोप नव्हती, दिवसा जेवण जात नव्हतं.

“इथी दुखत नाई वो, वर गेल्यावरच दुखते,” कांताबाईनं सांगितलं.

दातबाबाला तेवढंच हवं होतं. “बरोबर. कीड जमिनीच्या ओढीनं झोपून राहते. आकाशात ओढ कमी पडली की उठून फिरते. आज काढतो, मग खुशाल अमेरिकेला जा.”

संघप्रियानं धूर ओढला. पाच किडे निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कांताबाईच्या डोळ्यांना पाणी आलं.

“दुखते का आता?” बाबानं विचारलं.

“नाई.”

“पाहा लोकहो.”

संघप्रिया चिडली. दाढ तर सकाळीही दुखत नव्हती. म्हणजे या माणसाचा इलाज आकाशातच तपासायचा, आणि तोवर हा दुसऱ्या गावच्या बाजारात. तिचा पाय एका जागी ठरेना. मिरचीच्या दुकानांना तिनं तीन फेऱ्या मारल्या, आणि मग तिला सुचलं. दाढ इथं तपासता येत नसेल, पण धूर तर येईल.

चिंच विकायला बसलेली शेजारची म्हातारी तिनं गाठली. “केसरबाई, माह्यासाठी तिथी बसता का?”

“मले काय झालं?”

“काहीच नाई. म्हणूनच.”

केसरबाई तोंडाला पदर लावून बसली. बाबानं कोणती दाढ विचारलं, तिनं गालाकडं बोट केलं. पदराआडूनच तिनं धूर ओढला. सहा किडे निघाले.

“जुने आहेत, आजी. दाढ पोखरून राह्यले होते.”

केसरबाईनं पदर बाजूला केला आणि तोंड उघडलं. आत एकही दात नव्हता.

“बारा वर्सं झाले, बाबू. हे कोणाच्या घरचे किडे होत?”

बाजार हसला. बाबा दातांच्या मुळांबिळांचं काही पुटपुटत होता तोवर संघप्रियानं परातीतले जुने किडे काढून टाकले, त्याच्या डब्यातली चिमूट लोखंडावर टाकली, गाडगं पालथं घातलं आणि कोणालाच तोंड लावू दिलं नाही. गाडगं उचललं, तर किडे हजर.

“भुईरिंगणीचं बी आहे हे, आपल्या वावराच्या बांधावरच्या काटेरी झाडाचं,” ती म्हणाली. एक ‘किडा’ नखावर घेऊन तिनं तो उकलला, तर दोन इवल्या पाकळ्या सुटल्या. “बी तापलं की फुटते, आतला कोंब पाण्यात पडते.”

“म्या डोळ्यानं पाह्यलं होतं, संघे,” कांताबाई हळूच म्हणाली.

“किडे पाह्यले, आई. दाढेतून निघताना नाई पाह्यले.”

तिथून दोघी थेट दाताच्या डॉक्टर पुनमबाईंकडं गेल्या. एक्सरेत दिसलं, जुन्या भरलेल्या सिमेंटखाली दाढ पोकळ झाली होती.

“इथं हवा कोंडली आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “विमान वर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो. आतली हवा पसरते आणि नसेला रेटते. विमानात बिस्किटाचा पुडा फुगलेला पाहिला का? तसंच. जमिनीवर दुखत नाही म्हणून दाढ बरी आहे असं समजू नका.”

तीन खेपांत दाढ साफ झाली, नसेचा इलाज झाला, पोकळी पक्की भरली गेली.

नवव्या दिवशी विमान उडालं. संघप्रियानं मांडीवर बिस्किटाचा पुडा ठेवला आणि जीभ दाढेवर. पुडा हळूहळू तट्ट फुगला. ती उतरेपर्यंत वाट पाहत राहिली आणि उतरताच तिनं फोन लावला.

“आई, पुडा फुगला.”

“आन दाढ?”

“गप्प होती.”

कोट पांढरा असला आणि तोंडी सायन्स असलं म्हणून फसवणुकीचं सायन्स होत नाही. इलाज दाखवणाऱ्याला एवढं तरी विचारावं, की जिथं रोगच नाही तिथंही तुमचा गुण असाच येतो का. कांताबाई हे आपल्या भाषेत सांगते. बाजारात कुठं धूर दिसला की ती पिशवी खाली ठेवते, गर्दीत शिरते आणि म्हणते, “आधी आमच्या केसरबाईवर करून दाखवा.”