दारासमोरची गाडी

पहिली गाडी आली तेव्हा गल्लीला बरंच वाटलं होतं. लाल, चकचकीत, काचेवर पांढऱ्या रंगात ‘विकणे आहे’ लिहिलेली. अकरा घरांच्या त्या बंद गल्लीत इतकी देखणी वस्तू बऱ्याच दिवसांत आली नव्हती. गल्लीतला शिंपी तर तिच्या काचेत बघून भांग पाडायचा.

कोपऱ्यावर जुन्या गाड्या विकायचं दुकान निघालं होतं. दुकान म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि शेठ. गाड्या ठेवायला जागा नाही. पण शेठला ती अडचण वाटतच नव्हती, कारण दुकानामागे गल्ली होती आणि गल्लीला फाटक नव्हतं.

महिनाभरात गाड्या सहा झाल्या.

गल्लीच्या बंद टोकाला, अगदी शेवटच्या घरात काका राहायचे. आयुष्यभर बस डेपोत टाइमकीपर. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती वाजता लागली, एवढंच लिहीत पस्तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर हाताला चैन पडेना म्हणून दूधवाल्याच्या वेळा लिहायला लागले. दूधवाल्याने गल्ली सोडली.

काकांना गाड्यांचा राग नव्हता. त्यांचा प्रश्न सरळ होता. काकूंची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली. आठवड्यातून तीनदा, सकाळी पावणेअकराला हॉस्पिटलची व्हॅन यायची आणि डायलिसिसला घेऊन जायची. काकूंना घरातून फाटकापर्यंत बारा पावलं चालता यायचं. तेराव्या पावलाला व्हॅनची पायरी असायला हवी. बस, एवढंच.

सातवी गाडी आली, करड्या रंगाची, आणि बरोबर काकांच्या फाटकासमोर लागली.

काका शेठकडे गेले. शेठ उठून उभा राहिला, खुर्ची पुसली, पाणी मागवलं. “काका, तुम्ही कशाला त्रास घेतला? मीच आलो असतो. काकूंची तब्येत कशी आहे? सोमवारी जरा सुजल्यासारख्या वाटल्या.”

काकांनी काकूंबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

“गाडी हलवा,” काका म्हणाले.

“हलवतो ना. हलवायलाच तर माणूस ठेवलाय.”

त्या माणसाला सगळे सरक्या म्हणायचे. काटकुळा, अबोल, हातगाडीवर पोतं झाकून फिरणारा. तो आला आणि करडी गाडी दोन हात पुढे सरकवून गेला. आता तिचं तोंड काकांच्या फाटकाबाहेर आणि शेपूट फाटकात होतं.

काका नगरपालिकेत गेले. तिथल्या साहेबांनी नियम वाचून दाखवला. एकाच जागी तीन दिवस न हलता उभी असलेली गाडी बेवारस समजून उचलली जाते.

“मग उचला की.”

“हलली का ती?”

“साहेब, दोन हात हलली!”

“झालं तर. नियमात हात मोजलेले नाहीत,” साहेब म्हणाले आणि डब्याचं झाकण उघडलं.

काका चिडले की ओरडत नसत, लिहीत. त्यांनी नवी वही काढली. प्रत्येक टायरवर खडूची रेघ मारली आणि खिडकीत बसले. ‘लाल, दहा चाळीस, दीड हात मागे. करडी, दहा पंचावन्न, दोन हात पुढे. निळी, अकरा दहा.’ सरक्या दर तिसऱ्या दिवशी यायचा, हातगाडी एकेका गाडीपाशी लावायचा, बॉनेट उघडायचा, जरा खुडबुड करायचा, गाडी चालू करून हात-दोन हात हलवायचा आणि पुढच्या गाडीकडे वळायचा. कधीच दोन गाड्या एका वेळी हलल्या नाहीत. काकांनी हे सुवाच्य अक्षरात नोंदवलं आणि खाली रेघ ओढली.

“अहो, त्या गाड्या लिहिण्यापेक्षा मला किती वेळ श्वास घेता येत नाही ते लिहा,” काकू आतून म्हणाल्या. काकूंची जीभ अजून कुठेही सुजली नव्हती.

गल्ली भरत गेली. दोन्ही बाजूंना गाड्या, मध्ये जेमतेम व्हॅनपुरती वाट. मग तेवढीही नाही. एका बुधवारी व्हॅन गल्लीच्या तोंडाशी आली, हॉर्न वाजवला, पाच मिनिटं थांबली आणि निघून गेली. आत आणखी दोन पेशंट होते आणि मशीनची वेळ कुणासाठी थांबत नाही.

ती रात्र काकूंनी उशांना टेकून बसून काढली. सकाळी काकूंच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि काकांना दाराबाहेर घेतलं. “पाणी फुप्फुसात चढतंय. एक वेळ चुकली, निभावलं. परत चुकवू नका.”

एवढं झाल्यावर गल्लीने सभा घेतली. शिंप्याच्या दुकानात, शिवणाच्या ढिगावर बसून. गल्लीतले दातांचे डॉक्टर म्हणाले, एकेकानं जाऊन शेठला ठणकवायचं, म्हणजे त्याला कळेल की सगळी गल्ली उठलीय. ठरलं. रोज एक जण जाणार. तोवर व्हॅनच्या दिवशी काका सरक्याच्या विनवण्या करून जेमतेम वाट काढून घ्यायचे.

पहिल्या दिवशी दातांचे डॉक्टर गेले. तासाभराने आले ते मान खाली घालून. दुसऱ्या दिवशी शिंपी गेला. तो आला आणि दार लावून बसला. जो जायचा तो परत आल्यावर काही बोलायचा नाही. विचारलं की म्हणायचा, “होईल, होईल, मार्ग निघेल.” गल्लीत ‘नमस्कार’ बंद झाले. लोक एकमेकांना बघून खिशात हात घालायला लागले. काकांना ते विचित्र वाटलं, पण वहीत त्याच्यासाठी रकाना नव्हता.

सर्वांत शेवटी काकांची पाळी आली.

“काका,” शेठ खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाला, “तुम्हाला म्हणून सांगतो. तुमच्या दारासमोरची गाडी तुम्हीच घ्या.”

“मला चालवता येत नाही.”

“चालवायची कुठेय? गाडी तुमची झाली की जागा तुमची झाली. तिथे परत माझी गाडी कशाला लागेल? व्हॅन यायच्या दिवशी तुमची गाडी बाजूला काढली की झालं. सरक्या आहेच. आणि भाव तर मी असा लावतो की कुणाला सांगू नका बुवा. बाकीचे रडतील.”

काकांनी शेठच्या डोळ्यांत पाहिलं. शेठच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं.

“आई गेली माझी,” शेठ म्हणाला. “मला कळतं हो.”

मग काकांना काकूंनी बसून काढलेली ती रात्र आणि त्यांचं रात्रभरचं घरघरणं आठवलं. त्यांनी सही केली आणि किल्ली खिशात टाकली. घरी येऊन बायकोला सांगितलं नाही. सरक्याला गाठून तेवढं बजावलं, “जरा आडवी लाव रे फाटकासमोर. दुसरं कुणी घुसायला नको.”

सरक्या पहिल्यांदाच हसला. “सगळे तेच म्हणतात, काका.”

ह्या वाक्यावर थांबून विचार करायला हवा होता. पण पस्तीस वर्षं काकांनी वेळा लिहिल्या होत्या. वाक्यं लिहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरक्याने काम केलं. फरशी पुसणारी बाई आतल्या भिंतीपासून दाराकडे पुसत येते, तसा तो गल्लीच्या बंद टोकापासून सुरू झाला. काकांची करडी आडवी. मग शिंप्याची निळी समोरून आडवी. मग डॉक्टरांची पांढरी इकडून, मग एक तिकडून, करत करत तोंडाशी लाल गाडी. अकरा घरांनी अकरा गाड्या घेतल्या होत्या, प्रत्येकाने आपल्या दारासमोरची, प्रत्येकाने गुपचूप, प्रत्येकाने कुणालाही न मिळालेल्या भावात. आणि प्रत्येकाने सांगितलं होतं, जरा आडवी लाव. वरून बघितलं असतं तर पँटची चेन लावल्यासारखी गल्ली दिसली असती. लाल गाडी लावून झाल्यावर सरक्या तिच्या बॉनेटवरून उडी मारून पलीकडे उतरला, हातगाडी घेतली आणि गेला.

दुकानातलं टेबल संध्याकाळपर्यंत उचललं गेलं होतं.

सकाळी साडेदहाला काकूंना खुर्चीत बसवून काका फाटकाशी आले. काकूंचे पाय पावासारखे फुगले होते. डाव्या हातावर, जिथे सुया टोचायच्या, तिथे पट्टी होती.

“अहो, ही कुणाची?” काकूंनी करड्या गाडीकडे बोट केलं.

“आपली,” काका म्हणाले.

काकूंनी गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “लग्नात सायकल मागितली होती तेव्हा म्हणालात पुढच्या वर्षी बघू.”

काकांनी शेठला फोन लावला. रिंग गेली, गेली आणि थांबली. मग त्यांनी स्वतःच किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. शिंपी धावत आला, डॉक्टर आले. दोघांनी आपापल्या खिशातून आपापली किल्ली काढली आणि एकमेकांकडे बघून परत आत टाकली.

“बॉनेट उघडा,” डॉक्टर म्हणाले. तोंड माणसाचं असो की गाडीचं, उघडल्याशिवाय त्यांना समाधान नसे.

बॉनेट उघडलं. बॅटरीच्या जागी रिकामा चौकोन होता, त्यात एक वाळकं पान.

शिंप्याने निळीचं बॉनेट उघडलं. रिकामा चौकोन. डॉक्टरांनी पांढरीचं उघडलं. मग पुढच्या घराच्या माणसाने आपलं उघडलं, मग त्याच्या पुढच्याने. एकेक बॉनेट वर होत गेलं, गल्लीच्या तोंडापर्यंत अकरा जबडे. काकांना वहीतली ती खाली रेघ ओढलेली ओळ दिसली. दोन गाड्या कधीच एका वेळी हलल्या नाहीत. सगळ्या गाड्यांत मिळून बॅटरी एकच होती, आणि ती पोत्याखाली हातगाडीवर फिरत होती.

गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. पावणेअकरा.

“ढकलू या!” शिंपी म्हणाला. चौघांनी निळी ढकलली. ती वीतभर सरकली आणि पांढरीला लागली.

“अहो मास्तर, माझी नवीन आहे!” डॉक्टर ओरडले, आणि ओरडून झाल्यावर त्यांचे कान लाल झाले.

मग खुर्चीसकट काकूंना उचलून बॉनेटवरून न्यायचं ठरलं. शेठने गाड्यांना असं काही पॉलिश मारलं होतं की शिंप्याचा पाय पहिल्याच बॉनेटवर सटकला आणि तो डॉक्टरांच्या मांडीत जाऊन बसला. काकू हवेत तिरक्या झाल्या.

“डावा हात धरू नका!” काका किंचाळले. “सुयांचा हात आहे तो!”

“खाली ठेवा मला,” काकू म्हणाल्या. त्यांना बोलताना मधे थांबावं लागत होतं. “वरून नाही जमत... तर आतून जाऊ. एका दारातून शिरायचं... दुसऱ्या दारातून निघायचं. तुम्ही घेतल्यात ना गाड्या... मला बसवा तरी एकदा.”

ती युक्ती चालली. करडीत डावीकडून शिरून काकू सीटवरून सरकत उजवीकडे निघाल्या. तिथे निळीचं दार उघडून शिंपी उभा होता. निळीतून पांढरीत. काकूंनी पांढरीत मिनिटभर दम खाल्ला आणि सीटवर हात फिरवून म्हणाल्या, “डॉक्टर, गादी छान आहे तुमची.” पांढरीतून हिरवीत. गल्लीच्या तोंडाशी व्हॅनचा ड्रायव्हर पायरीवर उभा राहून घड्याळ बघत होता. शिंप्याने दोन्ही हात वर करून हलवले. “येतायत! सात गाड्या राहिल्यात फक्त!”

पाचवी पिवळी होती. काकू आत शिरल्या आणि शिरताच सीटवर कलल्या. काका अंग चोरून, पोट आत ओढून गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी पोचले. दार बोटभर उघडलं आणि समोरच्या फाटकाच्या खांबाला लागलं. परत ओढलं. बोटभर. मागे डॉक्टर ढकलत होते, पण पिवळी हिरवीला टेकलेली, हिरवी पांढरीला, पांढरी निळीला, निळी करडीला, आणि करडी काकांच्या स्वतःच्या भिंतीला.

“मागे फिरा, मागच्या दारानं बघू,” काका काचेशी तोंड नेऊन म्हणाले. काकूंनी मान हलवली. नाही म्हणून, की ऐकू आलं म्हणून, ते कळलं नाही. त्यांच्या श्वासाने काच आतून पांढरी होत होती, विरत होती, पुन्हा पांढरी होत होती. मधलं अंतर वाढत चाललं होतं.

शिंपी बॉनेटांवरून घसरत, पडत तोंडाकडे निघाला होता. “थांबा हो, थांबा, पाचच मिनिटं!”

तेवढ्यात व्हॅन मागे घेताना वाजते ती बारीक, गोड धून गल्लीत ऐकू आली.

काकूंनी डोळे उघडले. काचेवरचं धुकं तळव्याने पुसलं. “गेली का हो?”

काकांनी गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग काचेकडे.

“नाही,” ते म्हणाले. “वळवतोय. तोंड इकडे करून आणतोय.”

“बरं,” काकू म्हणाल्या, आणि पिशवी मांडीवर घेऊन उतरायच्या तयारीने सरळ बसल्या.