पैकीच्या पैकी

चांदूर बाजारच्या एका हायस्कुलातून साधना मॅडमचा फोन आला, तेव्हा शालिकराम गुरुजी आचलचाच दाखला लिहीत होते. चौथी पास होऊन पाचवीत जाणारी पोर. जन्मापासून हातपाय ताठर, बोलणं अडखळत.

"गुरुजी, तुम्ही पाठवलेल्या गुणपत्रकात आचलला तोंडी परीक्षेत चारही वर्षं पैकीच्या पैकी? म्हणजे बोलते ती? बोलत नसेल तर अकोल्याची निवासी शाळाच बरी. आमच्या वर्गात साठ पोरं, हेळसांड होईल तिची. मधल्या सुट्टीत करते फोन, नक्की काय ते सांगा. मग प्रवेशाची यादी पक्की करते."

"हो, सांगतो," म्हणून गुरुजींनी फोन ठेवला. चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला. सांगणार काय? त्यांना ठाऊकच नव्हतं. चार वर्षांत त्यांनी आचलला तोंडी प्रश्न म्हणून विचारला नव्हता. तिची पाळी आली की "हिले काय तरास द्याचा" म्हणत दहापैकी दहा टाकायचे आणि पुढच्या पोराकडे वळायचे. गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं. आज ते देवपण त्यांना खुर्चीत बसू देईना. ऑफिसात दोन येरझारा घालून ते तडक वर्गात गेले.

"आचल, आपली पूर्णा नदी कोणत्या नदीले मिळते?"

आचलची मान कलली. ओठ हलले, आवाज फुटेना.

"मी सांगू, गुरुजी?" गजेंद्र उठला.

"चूप बस बे!"

पण उत्तर गुरुजींच्याही जिभेवर नाचत होतं. 'ता' एवढं तरी सुचवावं काय? त्यांनी दात आवळले. बाहेरून खिचडीचा वास आला. पोरं ताटल्या चाचपू लागली.

"व... र... धा."

सवयीनं ते "शाब्बास" म्हणणार, तोच तिची रोखलेली नजर दिसली.

"चूक," ते म्हणाले. "तापी."

आचल हसली, अख्ख्या अंगानं.

"चार वर्सांत... एकच... इचारला, गुरुजी. दु... सरा इचारा ना."

सुट्टीची घंटा झाली आणि खिशातला फोन वाजला.

"पोर बोलते, मॅडम. वेळ लागते, पण बोलते. चुकते बी. ते दहा मी न इचारताच टाकले होते."

मॅडम आणखी काहीतरी विचारू लागल्या. गुरुजी आचलच्या बाकाशी वाकले.

"मले नका इचारू, तिलेच इचारा. फक्त उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका."

आणि त्यांनी फोन तिच्या कानाशी धरला.