ओरेस्टने मागितलेली माफी

करखात्याचं पत्र आल्यापासून एल्सी कोस्टिन्युकच्या पायाला भिंगरी लागली होती. भांडी घासता घासता ती मधेच खिडकीशी जाई, आवारातली पानं गोळा करणाऱ्या नवऱ्याकडे बघे, आणि परत येऊन घासलेलीच ताटली पुन्हा घाशी.

पत्रात म्हटलं होतं की ओरेस्टने करमुक्त बचत खात्यात मर्यादेपेक्षा बासष्ट हजार डॉलर जास्त भरलेत, आणि ते काढेपर्यंत दर महिन्याला त्यावर शेकडा एक कर पडेल. आता एवढे पैसे ओरेस्ट आणणार कुठून? त्याची आयुष्यभराची पुंजीच तेवढी. वसंतात बँकेने डॉफिन गावातली शाखा आठवड्यातून दोनच दिवस उघडायला सुरुवात केली, तेव्हा रागावून त्याने खातं गावच्या पतसंस्थेत हलवलं, एवढंच. असं खातं हलवताना पैसे बँकेने परस्पर पाठवायचे असतात. स्वतः काढून दुसरीकडे भरले, तर सरकारच्या लेखी ती नवी भर. ओरेस्टला हे पाठ होतं. निदान पूर्वी तरी होतं.

त्या ‘पूर्वी’पाशी एल्सीचं काळीज अडकायचं. पैशाचं काय, पोट मारून भरता आले असते. पण ओरेस्टच्या वडिलांचंही असंच एका हिशेबाच्या घोटाळ्यापासून सुरू झालं होतं, आणि शेवटी ते पोटच्या मुलाला ‘साहेब’ म्हणायला लागले होते. धान्याच्या कोठारावर जन्मभर बिनचूक वजनं लिहिणारा माणूस इथे चुकला असेल, तर मग पुढचं सगळं तिला दिसत होतं.

ओरेस्टने बँकेला फोन केला, तेव्हा ती शेजारीच उभी होती.

“सॉरी हं, त्रास देतोय,” तो म्हणाला. मग जरा थांबला. “नाही, माझ्याच हातून काहीतरी झालं असणार. वय झालं आता. सॉरी.”

त्या गावात माणसं दाराला धडकली तर दाराचीसुद्धा माफी मागतात. पण फोनवरच्या मुलीने ते जसंच्या तसं टिपून घेतलं. पुढच्या खेपेला बँकेने तेच वाचून दाखवलं: चूक ग्राहकाने मान्य केली आहे. एल्सीने चेकबुक आपल्याकडे घेतलं. त्याच्या गोळ्याही मोजून द्यायला लागली. विनिपेगहून मुलगी म्हणाली, “आई, बाबांना डॉक्टरकडे ने, आणि सह्यांचे अधिकार तुझ्याकडे घे.” एल्सी हो म्हणाली आणि त्या रात्री टक्क जागी राहिली.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात बायका विक्रीसाठी पेरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण घातलेल्या उकडीच्या करंज्या, भरायला बसल्या.

“एल्सी, बटाटा बाहेर येतोय बघ,” शेजारची स्टेला पाव्लुक म्हणाली. “लक्ष कुठे आहे तुझं?”

एल्सीला राहवलं नाही. पत्र, फोन, सगळं भडाभडा बोलून गेली. स्टेलाचे हात थांबले.

“आमच्याकडेही आलंय,” ती हळूच म्हणाली. “वॉल्टरनेही खातं तेव्हाच हलवलं ना. म्हणाला, कुणाला सांगू नकोस, माझीच चूक, बँकेची माफी मागून टाकलीय.”

“आणि आमच्या ध्यानाने दोनदा मागितली,” चुलीपाशी उकळतं पाणी सांभाळणारी बाई म्हणाली. “मी त्याला महिनाभर मठ्ठ म्हणतेय.”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गावभर मुठी आवळलेल्या, आणि आत सगळ्यांच्या एकच कागद!

मंगळवारी शाखा उघडली तेव्हा तिघी दारात उभ्या होत्या. मॅनेजर पोरगेलासा होता.

“पण कोस्टिन्युकबाई, तुमच्या यजमानांनी स्वतःच कबूल केलंय.”

“ते तुमच्या दाराचीही माफी मागतील. मी मागत नाही. खातं हलवायचा त्यांचा अर्ज काढा.”

अर्ज निघाला. ‘परस्पर पाठवा’ या ओळीपुढे ओरेस्टची ठसठशीत खूण होती. बाकीच्यांचीही होती. पैसेही परस्परच गेले होते, पण सरकारला कळवताना बँकेने ते ग्राहकांनी स्वतः काढले असं लिहिलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि संन्यासी बिचारा सुळाचीच माफी मागत बसलेला. मॅनेजर लाल झाला. करखात्याकडे दुरुस्त नोंद जाईल, बँक चुकीची कबुली लिहून देईल, ती दाखवली की कर रद्द होईल, असं त्याने तिघींना पुन्हा पुन्हा सांगितलं.

एल्सी घरी आली ती जवळजवळ धावतच. “तू चुकला नव्हतास,” दारातूनच म्हणाली. “अर्ज बरोबर होता. बँकच चुकली.”

ओरेस्ट टेबलाशी बसला होता. त्याने मान हलवली. “ठाऊक होतं मला. दोनदा तपासून दिला होता.”

“मग फोनवर चूक पदरात कशाला घेतलीस?”

“सॉरी तर मी उठता बसता म्हणतो. तेवढं म्हणून अर्ज बरोबर आहे असंच सांगणार होतो.” त्याने टेबलावरचे पावाचे तुकडे बोटाने गोळा केले. “तेवढ्यात तुझ्याकडे बघितलं. आपण बाबांकडे बघायचो ना, तशी बघत होतीस तू. वाटलं, हिला दिसतंय म्हणजे असेलच.”

एल्सीने खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली.

“आता कशी बघतेय?” तिने विचारलं.

ओरेस्टने तिला नीट निरखलं.

“अजून थोडी तशीच,” तो म्हणाला.