मुनीश्वरनची कोंबडी

हरिप्रियानं कोंबडीला टॉवेलात गुंडाळलं आणि सुजलेला पाय तेवढा बाहेर काढून कोमट मिठाच्या पाण्यात बुडवला. कोंबडीनं तिच्या मनगटावर एकदा टोचून पाहिलं, मग मान टेकवली. पाय लिंबाएवढा झाला होता. मागच्या अंगणात त्याचा वास सुटला होता.

सासूबाई, गंगाबाई, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा स्वयंपाक व्हायचा होता, अंगावर सोवळं होतं, त्यामुळे त्या उंबऱ्याबाहेर आल्या नाहीत.

"सोड तिज. देवाची आहे ती. हात लावूं नये."

सगळी गल्ली हेच म्हणत होती. कोणीतरी मुनीश्वरन या ग्रामदेवाला नवस बोलून ही कोंबडी देवळापाशी सोडली होती, आणि ती फिरत फिरत इथवर आली होती. देवाची म्हणून तिला कोणी कापत नव्हतं, आणि देवाची म्हणूनच कोणी दाणाही टाकत नव्हतं. समोरची कामाक्षी रोज सकाळी दारात पिठाची रांगोळी, कोलम, काढताना तिला लंगडताना बघायची, "पावम, बिचारी" म्हणायची आणि पीठ झटकून आत जायची. हरिप्रियाला त्या हळहळीचा मनस्वी राग आला होता.

"पायांत काहीतरी रुतलंय, आई. गुरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, ते निघालं नाही तर पाय जाईल, मग कोंबडीही."

"मग त्यांच्याकडे ने."

"कशांतून? ऑटोवाला घेत नाही. देवाची ना ती!"

तिनं नखं कापायची कात्री उकळत्या पाण्यातून काढली. सूज बाजूला सारली तशी आत काळपट काहीतरी दिसलं. दोरा नव्हता. चिंधी होती, पायाभोवती गच्च आवळलेली. कोंबडी वाढली, चिंधी वाढली नाही.

"बघा. नवसाची खूण बांधलीय. लहान पिलाच्या पायांत इतकी घट्ट!" तिचा आवाज चढला. "कापून नवस फेडणारे परवडले, एका क्षणांत मोकळं करतात. हे आपल्यासारखे कोणीतरी, मांस न खाणारे. जीव घ्यायचा नाही, म्हणून सोडून द्यायचं. मग ती सडूं दे, मरूं दे. पुण्य घेऊन घरीं गेले, आरामांत जेवले असतील."

"असं बोलूं नये," गंगाबाई हळूच म्हणाल्या. "कोणाच्या घरीं काय चाललं होतं, आपणांस काय ठाऊक."

"काहीही चाललेलं असो. लाज वाटायला हवी."

कात्रीचं टोक चिंधीखाली गेलं. कोंबडी ओरडली. एक टोक सुटलं, मग दुसरं, आणि पू वाहू लागला. हरिप्रियानं चिमट्यानं चिंधी ओढून काढली आणि पाण्यात टाकली. मळ सुटत गेला. खालून वांगी रंग निघाला, कडेला मोहरीच्या रंगाचा काठ.

ती बघत राहिली.

गेल्या आडी महिन्यात, आषाढ-श्रावणात, ताप डोक्यात जाऊन ती इस्पितळात बेशुद्ध पडली होती, तेव्हा याच रंगाची, याच काठाची साडी तिच्या अंगावर होती. घरी आल्यावर पदराचा कोपरा फाटलेला दिसला. तिनं परत जाऊन कपडे सांभाळणाऱ्या आयाला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. आया रडली होती. तेव्हा गंगाबाई शेजारीच उभ्या होत्या.

तिनं वर पाहिलं. गंगाबाई पाण्यातल्या चिंधीकडे बघत होत्या.

"मी हात नाही लावला," त्या म्हणाल्या. "देवळातल्या पुजाऱ्यानं, सांबशिवानं बांधली. मी रस्त्याच्या अलीकडेच उभी होतें."

हरिप्रियानं चिमटा खाली ठेवला.

"डॉक्टर नुसते मान हालवत होते, ग. मज दुसरं काय सुचणार होतं?"

बोलण्यासारखं खूप होतं. बरंचसं तर आत्ताच बोलून झालं होतं. जखमेतून ताजं रक्त येऊ लागलं होतं आणि औषध लावायला तिला दोन्ही हात मोकळे हवे होते.

"इकडे या," ती म्हणाली. "हिला धरा."

"मी?"

"तुम्हीच."

गंगाबाईंनी आपल्या सोवळ्याकडे पाहिलं, मागे चुलीकडे पाहिलं. मग उंबरा ओलांडून त्या खाली बसल्या आणि टॉवेलाचं गाठोडं त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर घेतलं. कोंबडीची छाती जोरात धडधडत होती.

"केवढी ऊन आहे, ग, ही."

"ताप आहे तिला," हरिप्रिया म्हणाली आणि कापूस औषधात बुडवला. "घट्ट धरा, आई. आता सोडूं नका."