नवरात्राच्या आदल्या दिवशीचं पेडिक्युअर

मी एक जुनी वज्री आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. मी तांब्याची, मुठीत मावणारी, एका अंगाने खरखरीत. आंघोळीच्या वेळी टाचांवरचा मळ आणि मेलेली कातडी घासून काढायची, एवढंच माझं काम. कणकवलीच्या बाजारात एका तांबटाने मला ठोकून घडवलं. मालनच्या आईने लेकीच्या लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर मला मुंबईला धाडलं आणि तेव्हापासून परळच्या या चाळीत, मोरीतल्या कोनाड्यात माझा मुक्काम आहे.

मालन एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. दिवसभर उभं राहून तिच्या टाचा जाड झालेल्या, पण पक्क्या. त्या मीच राखल्या, असं म्हटलं तर तुम्ही मला गर्विष्ठ म्हणाल. खुशाल म्हणा. रोज थोडंच घासायचं, भेगा साफ ठेवायच्या आणि खालच्या जाड कातडीच्या वाटेला जायचं नाही, हे आम्हा दोघींचं न बोलता ठरलेलं होतं. ती कातडी तिला नवरात्रात लागायची. तिचा मुलगा अनिश जहाजावर नोकरीला लागला, त्या वर्षापासून ती नवरात्रभर पायांत चप्पल घालत नाही. रस्त्यावर, कामावर, बाजारात, सगळीकडे अनवाणी. पोर समुद्रावरून सुखरूप परत यावं म्हणून ती देवीला नवस बोलली आहे.

अनिशची बायको सुरुची वरळीच्या एका ऑफिसात जाते. स्वभावाने चांगली मुलगी, असं चाळ म्हणते. मीही म्हणेन, पण आज नाही. ही बाई मला ‘तो तांब्याचा दगड’ म्हणते आणि दर महिन्याला पार्लरमध्ये जाऊन, पैसे देऊन, आपले हातपाय दुसऱ्याच्या हवाली करून येते. मला हे कधीच उमगलं नाही. हात आपले, पाय आपले, मोरीत पाणी आहे, कोनाड्यात मी आहे. मग यात विकत घेण्यासारखं काय आहे?

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तिने जाहीर केलं, “आई, उद्यापासून तुमचे पाय सगळ्यांना दिसणार. मग ते नीट नकोत का दिसायला? मी पेडिक्युअरचं बुकिंग केलंय तुमचं.”

“अगो, माझे पाय कोण बघतलो?” मालन हसली.

“देवी बघेल ना!”

देवीचं नाव निघाल्यावर मालनला नाही म्हणवेना. शिवाय सून हौसेने करते आहे, तिचं मन कसं मोडायचं? निघताना तिने मला कापडी पिशवीत घातलं. आपल्या पायाला आपलीच वज्री बरी, दुसऱ्याची कशाला, असा तिचा साधा विचार.

पार्लरमधल्या मुलीचं नाव प्राची. तिने मला दोन बोटांत उचलून धरलं. “आंटी, हे काय? भांडी घासायचं आहे का?”

“हेच्यान घास गो. माझी स्वतःची आसा.”

“नाय आंटी, असलं अलाऊड नाय इकडे. आमचं सगळं पॅक्ड येतं. तुम्ही रिलॅक्स करा.”

मला पुन्हा पिशवीत कोंबलं. पिशवीच्या तोंडातून मी सगळं पाहत होते. कोमट पाणी, त्यात गुलाबाच्या पाकळ्या, मग त्या मुलीने मालनचे पाय मांडीवर घेतले आणि चोळू लागली. मालनचे डोळे मिटले. तिला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मला मात्र ते बघवत नव्हतं. आणि मग त्या मुलीने पातं काढलं. मालनच्या टाचेवरून ते सरसर फिरू लागलं आणि खोबऱ्याच्या किसासारखी कातडी खाली पडू लागली. माझी इतक्या वर्षांची राखण टॉवेलवर साचत होती आणि मी पिशवीत नुसती जळत होते.

“बघा आंटी, एकदम बेबी सॉफ्ट!” प्राची म्हणाली. वर नखांना लाल रंग लावला. घरी आल्यावर चाळीतल्या बायका जमून पाय बघून गेल्या. कुणी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी घट बसले आणि मालन त्या कोवळ्या टाचा घेऊन ऑक्टोबरच्या उन्हात बाहेर पडली. डांबर तापलेलं, गल्लीत खडी पसरलेली. संध्याकाळी तिच्या पायांना फोड होते. तिसऱ्या माळेला उजवी टाच फाटली आणि फरशीवर रक्ताचे ठसे उमटले. मालनला साखरेचा त्रास. सुरुचीने तिला टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टाचेला बांधलेलं पट्टीचं भलंमोठं गाठोडं घेऊन दोघी परतल्या, आणि मला कळलं ते असं: चप्पल घातली नाही, तर टाच चिघळेल आणि पायावर बेतेल.

“नवस मोडूचो नाय,” मालन खाटेवर बसून एवढंच म्हणत राहिली. “माझो पोरगो पाण्यावर आसा.”

सुरुची रडत होती. “माझा नवरा पण तिथेच आहे ना, आई? उरलेल्या माळा मी चालते.”

“देवीक चालतला काय गो?”

“माहीत नाही. पण तुम्ही चप्पल घाला.” तिने खाली बसून सासूच्या पायांत स्वतःच्या हाताने चप्पल सरकवली. सकाळी तिचे उंच टाचांचे सँडल दाराशीच राहिले आणि ती ऑफिसला अनवाणी गेली. मालन गॅलरीत उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत ओरडत होती, “काचा बघ गो! बघून चल!”

संध्याकाळी सुरुची लंगडत आली. तळवे काळे, नखांचा रंग टवकलेला. मोरीच्या कट्ट्यावर बसून तिने कोनाड्यात हात घातला. “आई, ही कशी धरायची?”

“उलटी धरलंस. दाबू नको, हलक्या हातान फिरव.”

मित्रांनो, चांगलं सोलून काढावं असं माझ्या मनात होतं. पण ते पाय पातळ होते, लालबुंद झाले होते, आणि त्यांना अजून कितीतरी चालायचं होतं. मी नुसता मळ काढला. कातडीला धक्का लावला नाही.

दसरा झाला की ती पुन्हा त्या पार्लरमध्ये जाईल, हे मी ओळखून आहे. पैसे तिचे, पाय तिचे. ते पैसे वाया जातात, हे माझं मत मी बदलणार नाही. मालनला तिथे पाणी किती गरम हवं ते विचारलं, नखांना रंग कुठला लावू ते विचारलं, कॉफीसुद्धा विचारली. तुम्ही कधी कुणाच्या पायाला हात लावलात, तर मित्रांनो, एवढं तरी आधी विचारा, की उद्या या पायांना कुठे जायचं आहे.