लेकीने अडवलेली कात्री

आपली ओळख असली की रांग आणि तपासणी दुसऱ्यांसाठी, असं आपल्यापैकी कितीजणांना वाटतं? शिंपीकाकांनाही तसंच वाटायचं. त्यांची मुलगी विमानतळावर सामान तपासायच्या यंत्रावर होती. भाचीच्या लग्नाला निघताना त्यांनी सोबतच्या मेव्हण्यांना छातीठोकपणे सांगितलं, की आपल्या बॅगेला कोणी हात लावणार नाही. आणि हातातल्या बॅगेत कापड बेतायची मोठी कात्री टाकली. ती त्यांच्या उस्तादांनी दिलेली. भाचीचा लग्नाचा पोशाख त्याच कात्रीने नीट करून द्यायचा, असा त्यांचा हट्ट होता.

मुलीला पडद्यावर कात्री दिसली. तिने पट्टा थांबवला आणि सहकाऱ्याला सांगितलं, "हे माझे वडील आहेत, म्हणून बॅग तू उघड."

कात्री निघाली. काकाच आहेत, जाऊ दे, असं सहकारी कुजबुजला. मेव्हणे तर मोठ्यानेच म्हणाले, "घरची पोर असून उपयोग काय?" रांगेतल्या माना वळल्या. काकांचा चेहरा पडला.

"अगं, मी काय विमान पळवणार आहे?"

"तुम्ही नाही, बाबा. पण तुमच्या मागे ही बाई तान्हं बाळ घेऊन उभी आहे. तिची इथे कुणाशी ओळख नाही. मी ओळखीवर सामान सोडायला लागले, तर तिने कुणाच्या भरवशावर विमानात बसायचं?"

काकांनी लेकीकडे पाहिलं. मुलीच्या अंगावरचा गणवेश त्यांनीच याच कात्रीने बेतला होता. याला डाग लागू देऊ नकोस, असं तो देताना तेच म्हणाले होते. आणि आज डाग लावायला निघाले होते तेही तेच! त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

कात्री मोठ्या सामानात टाकावी, तर ते विमानकंपनीकडे देण्याची वेळ टळून गेली होती. काकांनी कात्री स्वतः उचलली आणि बंदी असलेल्या वस्तू जमा करायच्या पेटीत ठेवली. मान ताठ होती.

"उपयोग विचारत होतात ना?" ते मेव्हण्यांना म्हणाले. "आता विमानात निर्धास्त डोळा लागला, तर तो हिच्यामुळे."

पोशाख त्यांनी उसन्या कात्रीने नीट केला आणि लग्नघरात भेटेल त्याला अभिमानाने सांगत सुटले, की माझी कात्री माझ्याच मुलीने अडवली.

मंडळी, आपल्या माणसासाठी वाकवलेला नियम परक्याचंही रक्षण करत नाही आणि आपलंही. असं अडवणारं कुणी आपल्या घरात असेल, तर त्याच्यावर रागावू नका. कौतुकाने त्याची पाठ थोपटा.