आतल्या खिशातलं लेबल

माझ्या नाकावर राग असतो असं घरात सगळे म्हणतात. म्हणू देत. पण कोटाच्या वेळी मी चिडले ते रास्तच होतं.

बाबा शिंपी. शिवलेल्या प्रत्येक कपड्याला कॉलरच्या आत दुकानाचं लेबल लावायचं, त्यावर नाव आणि फोन नंबर, हा त्यांचा नेम. मी परदेशी शिकायला निघाले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी कोट शिवला, आणि त्यालाही लेबल!

"मी काय जत्रेत हरवणारं पोर आहे का? तिकडे मुली हसतील मला!"

"बरं बाई, काढतो," म्हणाले आणि माझ्यासमोर टाके उसवले. कॉलर कोरी झाली. विषय संपला.

तिकडे पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी चारच्या आत कॉलेजात हजर व्हायचं होतं. नाहीतर माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळणार, असं पत्रात ठळक अक्षरांत छापलं होतं. सगळं एकाच बॅगेत ठेवू नकोस, असं आईने दहादा बजावलं होतं. मी पत्र, पासपोर्ट, फोन, पाकीट, सगळं एकाच बॅगेत ठेवलं. बसमधून उतरताना कोटाची बाही दारात अडकली. मी दिला हिसडा! बाही खांद्यापासून टरकन उसवली, मी रस्त्यावर आणि बॅग सीटवर. बस निघून गेली.

घड्याळात अडीच वाजले होते. पाठ म्हणून एकच नंबर येत होता, माझा स्वतःचा. तो बसमध्ये वाजला असता. मी फुटपाथवर उभी राहून मोठ्याने रडले, लाजबीज काही वाटली नाही.

समोरच कपडे दुरुस्त करायचं दुकान होतं. गळ्यात टेप घातलेला एक म्हातारा शिंपी बाहेर आला, त्याने माझी लोंबणारी बाही धरली आणि मला सरळ आत नेलं. माझं इंग्रजी मोडकं, त्याचं त्याहून मोडकं. मी ओरडतेय, "बॅग! बस! कॉलेज!" आणि हा गृहस्थ कोट काढ म्हणून खुणा करतोय. म्हटलं, अहो काका, इथे माझं वर्ष बुडतंय आणि तुम्हाला बाहीचं पडलंय? हे मी चक्क मराठीत म्हणाले. तो मान हलवून हसला.

बटणं लावत बसलेल्या त्याच्या सुनेला मात्र "बस" पुरेसं होतं. तिने मला बसचा नंबर विचारला. नशिबाने तो आठवत होता. तिने लगेच डेपोला फोन लावला. बस संध्याकाळीच डेपोत परतणार होती.

इकडे म्हाताऱ्याने कोट मशीनवर घेण्याआधी खिसे उलटे केले. बाबाही तसंच करतात, खिशात काही राहिलं तर सुई मोडते. आतला खिसा उलटला आणि तो थांबला. मला बोटाने बोलावलं.

खिशाच्या तळाशी लेबल होतं. बाबांचं! आणि छापलेल्या नंबराच्या आधी लाल दोऱ्याने, हाताने, बारीक टाक्यांत आपल्या देशाचा कोडही भरला होता. म्हाताऱ्याने स्वतःचा फोन माझ्यापुढे ठेवला.

पहिल्याच रिंगला बाबांनी उचलला. मी रडतरडत सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तुझ्या सगळ्या कागदांचे फोटो आहेत माझ्याकडे. आत्ता पाठवतो. आणि बाही शिवणीवर उसवलीय की कापड फाटलंय?"

"बाबा!!"

"अगं, त्यांना सांग, दुहेरी टीप मारा."

सांगायची गरजच नव्हती. मशीन थांबलं तेव्हा दुहेरीच टीप होती.

फोटो आले, सुनेने कागदावर छापून घेतले. मग तिने माझा हात धरला आणि आम्ही अक्षरशः पळत सुटलो. चारला दहा कमी असताना मी कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीशी धापा टाकत होते. तिथल्या बाईंनी कागद पाहिले, पासपोर्ट दोन दिवसांत आणून दाखव म्हणाल्या आणि शिक्का मारला. मी त्या सुनेला अशी मिठी मारली की तिचा चष्मा पडला.

बॅग संध्याकाळी डेपोत मिळाली. लगेच बाबांना फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर ते जरा चाचरत म्हणाले, "ते लेबल... काढतो म्हणालो होतो तुला. रागावलीस?"

"हो!" मी ओरडले आणि पुन्हा रडू कोसळलं. "खूप रागावलेय. बाकीच्या कपड्यांना का नाही लावलंत?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. फोन ठेवून मी कोट घडी करायला घेतला. आतल्या खिशात हात गेला तर बाबांच्या लेबलाखाली दुसरं लेबल शिवलेलं होतं, त्या म्हाताऱ्याच्या दुकानाचं, फोन नंबरासकट. त्याच्याही टाक्यांना मी अजून कात्री लावलेली नाही.